सायलीची राखण

भित्र्या माणसाची मला चीड येते, पण भित्र्या कुत्र्याचं काय करायचं हे मला आजही सांगता येणार नाही. आमच्या समोरच्या कडूबाला ते येत होतं, आणि तिथंच सगळं बिघडलं.

मुकुंदवाडीत स्टेशनाच्या अलीकडे आमची गल्ली. माझी पिठाची गिरणी आहे. शटर वर केलं की समोर कडूबाचं घर: ओटा, लोखंडी फाटक आणि दार उघडं असेल तर थेट आतली खोली. दिवसभर गिरणीवर बसणाऱ्या बाईला दुसऱ्याच्या घरात बघायची सवय लागते, त्याला मी काय करू?

कडूबा धनगराचा. सगळा जन्म मेंढरांमागं गेला. बायको वारली, गुडघे गेले, तेव्हा मेंढरं पुतण्याच्या हवाली करून तो मुलाकडे, शिवशंकरकडे राहायला आला. शिवशंकर आणि त्याची बायको शालू दोघंही चिकलठाण्याला कंपनीत कामाला. त्यांची सायली सहा महिन्यांची झाली तशी शालूची रजा संपली आणि पोर आजोबांच्या ताब्यात आली. शालू मला म्हणायची, "काकू, मामा हायेत म्हणून मी कामाला जाऊ शकते. दुसऱ्या कुणाच्या जिवावर मी लेकरू टाकलं नसतं."

आणि म्हातारा सांभाळायचाही तसाच. दूध पाजून झालं की पोरीला खांद्यावर टाकून जीभ टाळ्याला लावत असा काही आवाज काढायचा की एखाद्या मेंढीला वाटावं, आपल्यालाच बोलावतोय. मी चिडवायचे, "भाऊ, नात आहे ती, कोकरू नव्हे." तो हसायचा. त्याच्या लेखी त्यात फारसा फरक नव्हता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

गल्लीतून दोन मोटारसायकली चोरीला गेल्या, म्हणून शिवशंकरनं कंपनीतल्या एका मित्राकडून कुत्रा आणला. नाव शेरू. मोठं तांबूस धूड, पण काळीज चिमणीचं. मित्राच्या घरी त्याला जिन्याखाली बांधून ठेवलेलं असायचं म्हणे. कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली, माझी गिरणी सुरू झाली की पलंगाखाली, विमान खालून गेलं की तिथंच मुतायचा. दोन दिवसांत शिवशंकर वैतागला.

"बाबा, राखणीला आणलं आन् ह्येच लपून बसतंय. देतो परत."

"ऱ्हाऊ दे," कडूबा म्हणाला. "कुत्रं वाईट नाय. त्याला कुनी शिकवलंच नाय."

त्यानं शेरूला एकदाही हाक मारली नाही. सायलीला मांडीवर घ्यायचा, पलंगाकडे पाठ करून बसायचा आणि दुधात कुस्करलेली भाकरी तळहातावर ठेवून हात मागं धरायचा. तास तास भिंतीकडे बघत. मी विचारलं, "कुत्र्यावर रुसलात की काय?"

"डोळ्याला डोळा दिला की त्याला वाटतं, आलं आपल्याला धरायला," तो म्हणाला. "पाठीला कोन भितंय, वैनी?"

कुकर लावायच्या वेळी तो शेरूला घेऊन गल्लीच्या टोकाला जायचा. मग रोज थोडं अलीकडे. तेच माझ्या गिरणीचं. एके दिवशी पट्टा फिरत असताना ते कुत्रं येऊन माझ्या पायरीशी बसलं आणि कान हलवत राहिलं. मला इतका आनंद झाला की मी डब्यातली अर्धी चपाती त्याच्यापुढे टाकली. कडूबानं ती उचलून मला परत दिली. "नगं वैनी. घरच्याच हातचं खाऊ द्या त्याला. आपलं कोन, परकं कोन, ते कळाया पायजे."

घरचं एक माणूस मात्र राहून गेलं. शालू गंगापूरची. लहानपणी तिकडे उसाच्या बांधावर तिला कुत्रं चावलं होतं, पोटरीवर अजून वण आहे. सुरुवातीला तिनं हिंमत करून दुधाची वाटी पुढे केली, तर हात असा थरथरला की दूध सांडलं आणि शेरू पुन्हा पलंगाखाली. कडूबा म्हणाला, "तू नगं शालू. तुजं भ्या त्याला लागतंय. जमंस्तवर तू लांबच ऱ्हा." सुटले बाई एकदाची, असं तिला वाटलं असणार.

मेंढरांच्या तळावर हे खपून जातं. तिथं सगळे चोवीस तास एकाच जागी असतात, भ्यालेली बाई लांब राहिली तरी तिच्याच चुलीची भाकरी कुत्र्यापुढे येते. इथं शालू सकाळी डबा घेऊन जायची आणि दिवेलागणीला परतायची. शेरूसाठी ती रोज संध्याकाळी बाहेरून येणारी एक बाई होती. एवढी साधी गोष्ट, पण जन्मभर तळावर राहिलेल्या माणसाला ती सुचली नाही, आणि मी तरी कुठं बोलले!

मग कडूबानं शेवटचं काम केलं. कुत्र्याला राखण दिली. तळावर पिल्लू जरा मोठं झालं की त्याला कोकरांमध्ये निजवतात. वासाला वास लागतो. त्यानंतर ते पिल्लू कोकरांसाठी लांडग्यावरही जातं, असं तो सांगायचा. इथं कोकरं कुठून आणणार? त्यानं सायलीचं दुपटं शेरूच्या अंगाखाली घातलं, आणि दुपारी झोळी बांधली की शेरूची जागा झोळीखाली.

कुत्रं बघता बघता बदललं. शिट्टी झाली तरी हलेना. विमानाकडे ढुंकून बघेना. गॅसवाल्याला त्यानं फाटकातच रोखलं तेव्हा सगळी गल्ली हसली आणि शिवशंकरनं त्याच्यासाठी मटणाची हाडं आणली. मीही हसले. त्याच आठवड्यात मी पीठ द्यायला आत गेले आणि माझं हसू आटलं. सायली जमिनीवर घोंगडीवर खेळत होती. शेरू उठला आणि तिच्या-माझ्यामध्ये येऊन उभा राहिला. भुंकला नाही. भुंकला असता तर बरं वाटलं असतं. तो नुसता माझ्या हातांकडे बघत होता.

"मागं सरा वैनी," कडूबा आतून म्हणाला. "पीठ ठिवा तिथंच." आवाजात काळजी नव्हती. अभिमान होता.

पुढं पुढं मला गिरणीवरून रोज एकच दृश्य दिसायला लागलं. शालू कामावरून येते, फाटकाबाहेर थांबते, कडूबा सायलीला उचलून बाहेर आणतो आणि तिच्या हातात देतो. शेरू दारात उभा राहून शेवटपर्यंत बघतो. एकदा ती दळण घ्यायच्या निमित्तानं माझ्याकडे आली आणि रडायलाच लागली. "काकू, माझंच लेकरू मला मागून घ्यावं लागतंय. परवा झोळीपाशी गेले तर त्यानं दात दाखवले. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, तू भितीस म्हणून."

मला राहवलं नाही. मी जाऊन कडूबाला चांगलं फैलावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला, "येतंय ध्यानात त्याच्या. जरा दम धरा. मेंढी कळपात नवी आली तरी दिस लागत्यात."

"ती मेंढी नाही, भाऊ. आई आहे."

"व्हय, व्हय," तो म्हणाला, आणि झोळीला झोका दिला.

त्या शनिवारी शालूला लवकर सुटी मिळाली. दुपार कलली होती. ती फाटकाशी आली तेव्हा कडूबा चहा ठेवायला आत गेलेला, दार सताड उघडं आणि सायली घोंगडीवर. पोर नुकतीच रांगायला लागली होती. आईला बघून खिदळली आणि निघाली दाराकडे. शालूनं फाटक उघडलं, खाली बसली, हात पसरले. पोर उंबऱ्यापर्यंत आली.

शेरू मागून आला. घाई नाही, गुरगुर नाही. त्यानं सायलीचं झबलं पाठीवर दातांत धरलं आणि तिला फरफटत मागं नेलं. घोंगडीवर ठेवलं आणि तिच्यावर चारी पाय रोवून उभा राहिला. पोरीला ओरखडासुद्धा नाही. ती आधी दचकली आणि मग हसायला लागली. मी गिरणी बंद करून धावले.

कडूबा कपबशी घेऊन आतल्या दारात उभा होता. त्यानं सगळं बघितलं होतं. त्याचं तोंड असं उजळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "शाब्बास रं माज्या वाघा!" तो म्हणाला.

मग त्याला शालू दिसली. बशी ठेवून तो लगबगीनं पुढे झाला, सायलीला उचललं आणि दाराकडे निघाला. शेरूनं त्याच्या धोतराचा सोगा धरला. रोज संध्याकाळी पोर बाहेर नेऊन देणारा हाच, हे कुत्र्यानं केव्हाच ओळखून ठेवलेलं. म्हाताऱ्यानं दटावलं, पायानं ढकललं, पण ते सोडेना. सोगा फाटला तेव्हा कुठं पोर शालूच्या हातात आली.

शालू आत गेली नाही. लेकराला छातीशी धरून फाटकाबाहेरूनच बोलली. "मामा, तुम्ही त्याला शाब्बास म्हणलात."

"तोंडातून गेलं गं."

"मी समोर बसले होते मामा. हात पसरून."

ती तशीच कंपनीच्या कपड्यांत गंगापूरला माहेरी गेली. शिवशंकर कामावरून आल्यावर मागून बॅग घेऊन गेला आणि तिकडूनच ये-जा करू लागला. कुत्रं परत घ्यायला मित्र तयार नव्हता. दुसरं कुणी घेतो म्हणालं तर कडूबाच देईना. "आता ह्ये कुनाचंच व्हायचं नाय," म्हणायचा. "म्याच शिकवलंय, म्याच इसरवतो." शालूचं जुनं लुगडं त्यानं शेरूखाली अंथरलं. तो त्याच्यावर निजतो, असं मला रोज येऊन सांगायचा. रिकामी झोळी मात्र त्यानं काढली नाही, आणि शेरू तिच्याखालून हलत नव्हता.

महिना उलटून गेला. एका संध्याकाळी त्यानं मला ओट्यावर बोलावलं. "वैनी, शालूला फोन लावता का? म्या लावला तर उचलत नाय. सायू जेवती का, एवढंच इचारा." म्हाताऱ्याची मान हलत होती. मला इतकी दया आली की मी लगेच फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"भाऊ सायूचं विचारतायत गं," मी म्हणाले.

शालू मऊ आवाजात म्हणाली, "बरी हाय. भिंत धरून उभी ऱ्हाते आता. मामांना सांगा."

कडूबानं डोळे पुसले. फोनकडे वाकून म्हणाला, "शालू, सुधरलंय बग ते. तुज्या लुगड्यावर निजतंय. तू ये माय. पोरीला घिऊन ये."

"काकू, तुम्ही सांगा," शालू म्हणाली. "तुम्ही समोर असता. तुम्ही हो म्हणलात तर रविवारी येते. मलाबी इथं भावजयीच्या घरात किती दिवस जमणार?"

मी तोंड उघडलं. मी हो म्हणणार होते. तेवढ्यात तिकडे सायलीला फोन मिळाला असावा, कारण एकदम तिचंच हसू आणि बोबडं बोलणं ओट्यावर घुमलं.

शेरू झोळीखालून बाहेर आला. त्यानं फोन बघितला. मग फोन धरलेला माझा हात बघितला. वरचा ओठ हळूहळू मागं गेला आणि छातीतून एक खोल आवाज सुरू झाला.

"वैनी," कडूबा कुजबुजला, "फोन खाली ठिवा. माज्याकडं नगा देऊ. खाली ठिवा आन् मागं सरा."

मी फरशीवर फोन ठेवला आणि पायरी उतरले. शेरू पुढे आला आणि फोनवर चारी पाय रोवून उभा राहिला. त्याच्या पायांमध्ये सायली खिदळत होती. मग शालूचा आवाज आला. "काकू? ऐकू येतंय ना? येऊ ना मी रविवारी?"

कडूबा कुत्र्याकडे बघत होता, आणि या खेपेला त्याच्या तोंडावर अभिमानाचा मागमूस नव्हता. तो भिंतीला टेकला आणि शालूला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "नगं येऊ पोरी. तू नगं येऊ."