सोन्याच्या बाशिंगातलं मेडल

पोळ्याला देवणीजवळच्या आमच्या गावी गेले होते, आणि तिथं माझी चांगलीच जिरली...

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी फौजेत होते. जेमतेम दीड वर्ष. एकाहत्तरच्या लढाईला गेले आणि लंगडत परत आले. कुणी विचारलंच तर, "गाडीवरून पडलो." विषय संपला.

गावानं ते खरं मानलं, आम्हीपण मानलं. ग्रामपंचायतीत माजी सैनिकांचा बोर्ड लागला, त्यात अण्णांचं नाव नाही. "पडून आलेला कसला फौजी," म्हणून लोक चेष्टा करायचे. अण्णा हसायचे, मला मात्र लई लागायचं.

फौजेतला एक बिल्ला तेवढा त्यांच्याकडे होता. दर पोळ्याला तो आमच्या सोन्या बैलाच्या बाशिंगात बांधायचा, ही घरची रीतच होऊन बसली होती.

यंदा गावातले एक सुभेदार काका रिटायर होऊन आलेत. मारुतीपुढं सजवलेले बैल बघत बघत ते सोन्यापाशी आले आणि थांबले. बिल्ला उलटसुलट करून बघितला...

"हे कुणाचं हाय?"

"माझंच की," अण्णा म्हणाले. "शोभतंय म्हणून बांधलं."

काकांनी खाडकन सॅल्यूट ठोकला. लोकांना वाटलं बैलालाच ठोकला, हशा पिकला.

"हसू नका," काका म्हणाले. "लढाईत दुश्मनाच्या हातनं जखमी झाल्याबिगर हे मेडल भेटत न्हाई. मी अठ्ठावीस वर्षं नोकरी केली, माझ्याकडं हे न्हाई."

मग त्यांनी मेडल सोडवलं, रुमालानं गुलाल पुसला आणि अण्णांच्या सदऱ्याला लावलं. आमच्याकडे वेशीतून पहिली जोडी पाटलांची जाते. पाटलांनी आपले बैल बाजूला घेतले... "अण्णा, आज तुमचं होऊ द्या आधी."

मी तिथंच रडले, खोटं कशाला बोलू. लातूरला शाळेत इतिहास शिकवते मी. पोरांकडून पानिपतच्या लढाया पाठ करून घेतल्या, आणि घरातल्या माणसाला कधी धड विचारलं नाही.

घरी आल्यावर जरा चिडूनच विचारलं, इतकी वर्षं लपवलं का?

अण्णांनी सदऱ्यावरचं मेडल काढून हातात घेतलं. मग म्हणाले, "इस्लापूरकडचा जोडीदार होता माझा. एकाच खड्ड्यात होतो आम्ही. तो तिथंच राहिला... अन् मी गावात छाती काढून फिरू?"

दुसऱ्या दिवशी सरपंच घरी आले, बोर्डावर नाव घालतो म्हणाले. अण्णा नको नको करत होते, शेवटी एका अटीवर तयार झाले.

काल पेंटर येऊन गेला. आमच्या गावच्या बोर्डावर आता परगावच्या एका माणसाचं नाव आहे, आणि त्याच्या खाली अण्णांचं.