तुम्ही त्याचे कोण?

अन्याय माझ्या रूममेटवर झाला. तो चिपळूणकडचा वेल्डर, मी त्याला दादा म्हणायचो. कधी झाला तेही सांगतो: २०२३च्या ऑक्टोबरमध्ये, सुप्रीम कोर्टानं समलिंगी लग्नांचा निकाल दिला त्याच आठवड्यातल्या गुरुवारी, सकाळच्या चहाच्या सुट्टीत. आमची साइट आणि कामगारांचा कॅम्प रियाधच्या बाहेर होता. मी तिथं सेफ्टीवाल्यांच्या हाताखाली होतो.

निकाल मंगळवारी लागला: मान्यता नाही. मेसमध्ये ज्याच्या-त्याच्या मोबाइलवर तेच.

"वाचलो बाबा," गुहागरचा फोरमन म्हणाला. "नायतर उद्या पोरानं दाढीवाली सून आणली असती."

"तुमच्या पोराला पोरगी देत नाय कोण, दाढीवाला कुठनं गावायचा?" पाइप फिटरनं टोला हाणला.

सगळे खिदळले. दादाही हसला, डाळीत लिंबू पिळता पिळता. मी नाही हसलो. पुण्यात कॉलेजला असताना मी याच विषयाची पत्रकं वाटली आहेत, भर चौकात शिव्या खाल्ल्या आहेत. तिथं मात्र एक शब्द बोललो असतो तर नोकरी राहू दे, जेलच. दादाला माझं तोंड माहीत होतं. टेबलाखालून त्यानं माझा पाय दाबला. "नेते, जेवा."

दादाच्या गावच्या घरी एक रिक्षावाला राहायचा. कॅम्पला सांगितलेलं नातं, चुलतभाऊ. खरं फक्त मला ठाऊक होतं. दर शुक्रवारी दोघांचा फोन: कोंबड्या किती राहिल्या, रिक्षाचं पासिंग झालं का, कौलं कधी फिरवायची, आणि मग ठरलेलं भांडण, कारण दादा सुट्टी पुढं ढकलायचा. असली लग्नं ही शहरातल्या वरच्या वर्गाची हौस आहे, असं सरकारनं कोर्टात मांडलं होतं. कोंबड्या मोजणारी ही दोन माणसं कुठल्या वरच्या वर्गातली, हे मला कोणीतरी दाखवावं.

गुरुवारी दादाला गावाहून शेजारच्या काकूंचा फोन आला. घाटात रिक्षा उलटली, डोक्याला मार, आयसीयूत ठेवलंय. दादानं तिथंच, वाळूत उभ्या उभ्या हॉस्पिटलला फोन लावला. स्पीकर मी चालू केला.

"पेशंटचे तुम्ही कोण?"

"आम्ही एकत्र राहतो."

"नातं काय?"

"मित्र," दादा म्हणाला.

"मग नातेवाइकांना फोन करायला सांगा." फोन बंद.

एचआरमध्ये हैदराबादचा माणूस होता. "चचेरे भाई के लिए इमर्जन्सी लीव्ह नहीं है, भाई. माँ-बाप, बीवी, बच्चे. बस."

आता कॅम्पमध्ये सुट्टीसाठी नातेवाईक मारायची पद्धतच आहे. फोरमननं स्वतःची आजी दोनदा मारलेली. माणूस मनानं चांगला, तो धावत आला. "आई सिरीयस आहे सांग. मी सांगतो माझ्यासमोर फोन आला म्हणून."

"जित्या आईला नाय मारायचा मी."

"मग बायको आहे सांग!"

"नाव काय सांगू तिचं?" दादा म्हणाला.

फोरमनला तो विनोद वाटला.

दादानं राजीनामा दिला आणि फायनल एक्झिट मागितला. म्हणजे इकामा, तिथला राहण्याचा परवाना, रद्द; परत यायचं नाही. फोरमन चिडला. "चुलतभावासाठी कोण नोकरी सोडतं रे?" दादा बॅग भरत राहिला. फोरमन त्याच्याकडे बघत उभा राहिला, मग बॅगेची चेन ओढायला वाकला.

कंपनीनं कागद सावकाश केले. दादा चिपळूणला पोचला तेव्हा हॉस्पिटलमधली खाट रिकामी होती. सुरतेहून रिक्षावाल्याचा सख्खा भाऊ आला होता. त्यानं सही केली, ऑपरेशन झालं, आणि तो पेशंटला सुरतेला घेऊन गेला. याच भावानं कित्येक वर्षं त्या घराची पायरी चढली नव्हती. मी त्याला राक्षस म्हणत नाही. त्याच्या सहीनं जीव वाचला. पण कुठं राहायचं, कोणाजवळ राहायचं, हे रिक्षावाल्याला अजून नीट बोलून सांगता येत नाही. त्याच्या वतीनं बोलायला सगळे भावालाच विचारतात.

दादा आता गावात ग्रील आणि गेट जोडतो. जमेल तेव्हा सुरतेला जातो. भावाची बायको दारात पाणी देते. "आत्ताच झोपलेत." एकदा आतून भांडं आपटल्याचा आवाज आला, दोनदा. दादा म्हणतो, ते त्यानंच आपटलं. दार लागलं.

सौदीत तरी तुमचा लग्नाचा कागद चालला असता का, असं मला विचारतात. नसता चालला. रियाधमध्ये दादानं तो खिशातून काढलासुद्धा नसता. पण चिपळूण? सुरत? प्रेम गुन्हा नाही, असं आपल्या कोर्टानं आधीच सांगितलं होतं. मग म्हणालं, लग्न हा मूलभूत हक्क नाही, कायदा करायचा तर संसदेनं करावा. सरकार म्हणालं, अडचणी बघायला समिती नेमू. कोर्टानं संसदेकडे बोट दाखवलं, संसद भलतीकडेच बघतेय, आणि दादा सुरतेच्या त्या दाराबाहेर चपला घालून उभा आहे.

मीही आता सौदी सोडलंय. दादाला विचारूनच हे लिहितोय.

तुम्ही हे वाचून हळहळू नका, त्याचा दादाला उपयोग नाही. तुमचा एक खासदार आहे. तो मत मागायला दारात येईल तेव्हाची वाट बघू नका. आजच त्याला लिहा आणि विचारा: आयसीयूच्या दारातल्या माणसाला 'मी त्याचा जोडीदार' असं म्हणता येईल, तो कायदा तुम्ही कधी मांडणार? उत्तर लेखी मागा. आलं नाही तर पुन्हा लिहा.