वीस बाजूंचा कौल

व्हिडिओ गेमबद्दल माझी मतं ठाम आहेत. गेम मात्र मी आजवर एकही खेळलेलो नाही. मिठबावच्या शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे न पाहिलेल्या गोष्टींवर तासभर बोलायची सवय आहे. गेममुळे पोरं एकलकोंडी होतात, हे मी रोज संध्याकाळी घरापुढच्या खळ्यात एकटाच बसून सांगत असतो.

आणि माझ्याच मुलीने बारावीनंतर जाहीर केलं, की तिला पुण्याला जाऊन गेम बनवायला शिकायचंय. समाजाच्या अधोगतीवर बोलायला मी घसा साफ केला, तेवढ्यात बायको म्हणाली, "देवाक कौल लावया." म्हणजे गुरवाने देवाला पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर पोरगी पुण्याला, डावी पडली तर घरात.

मी उसळलो. रागावलो की मी शाळेतलं मराठी बोलतो. "मुलीचं आयुष्य पाकळीवर ठरवायचं? माणसाला डोकं कशाला दिलंय? मी विचार करून सांगतो!"

आणि मग नुसता विचारच करत बसलो. प्रवेशाची मुदत संपायला आली, तरी माझा विचार काही संपेना.

शेवटच्या रविवारी मुलीने मला खेळायला बसवलं. पडद्यावरचा खेळ नव्हे, कागद-पेन्सिलीचा. एकाने गोष्ट सांगायची, दुसऱ्याने तिच्यातलं पात्र होऊन वागायचं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. मला तिने किल्ल्याचा राखणदार केलं. समुद्रावरून एक राक्षस उडत आला. एवढं वजन त्या पंखांवर उडणारच नाही, हे मी सिद्ध करायला घेतलं.

"बाबा, तो तुका खाऊक इलो हा. फासो टाक!"

फाशाला काही कळत नसतं, प्रत्येक आकड्याची शक्यता सारखीच, असं समजावत मी तो मुठीत धरला, डोळे मिटले, आणि तोंडून आपसूक देवळात घालतात तसं गाऱ्हाणं निघालं, "बा देवा म्हाराजा! ह्यो जो काय फासो टाकतंय, तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" नारळ खवता खवता बायकोने आतून गाऱ्हाण्याला ओरडून साथ दिली.

एकोणीस पडले. राक्षस पळाला. मी मिशीवरून हात फिरवला, जणू ते विज्ञानानेच घडवलं होतं.

मुलगी पुढे सांगू लागली. किल्ल्याच्या दाराशी एक मुलगी आलीय. तिला समुद्रापलीकडे जायचंय. किल्ली राखणदाराकडे आहे.

मी घाईघाईने फासा उचलला. तिने माझ्या मुठीवर हात ठेवला.

"ह्येका फासो नाय, बाबा. तू सांग."

तिने हात काढला नाही. माझी सगळी मतं कुठे गेली कोण जाणे. घर रिकामं होईल याची मला भीती वाटत होती, एवढंच होतं ते. गेमचा, समाजाचा, विज्ञानाचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता.

"जा," मी म्हणालो. "पोचलंस की फोन कर."

आत नारळ खवायचा आवाज थांबला होता.

"व्हय म्हाराजा," बायको म्हणाली. या खेपेला ओरडली नाही.