कवडूचं रुसणं

आमच्या पवनीत कवडू हेडाऊसारखा विणकर नव्हता, असं मी म्हणणार नाही. चार-दोन होते. पण त्याच्यासारखा रुसणारा मात्र दुसरा झाला नाही. मी त्याचा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी, त्यामुळे त्याचे सगळे रुसवे मला तोंडपाठ.

राग सदा नाकाच्या शेंड्यावर. मधुकररावांच्या हातमाग कारखान्यात तो मिसरूड फुटायच्या आधीपासून कामाला, आणि मालकाशी कडाक्याची भांडणं. कधी सूतच कच्चं, कधी रंगच उतरतो. बोलाचाली झाली की मागावरचं लुगडं अर्धवट सोडून हा घरी. आता, खरंच काम सोडणारा विणकर असं करत नाही. तो हातातलं लुगडं पुरं करतो, मागावरून उतरवतो आणि मालकाच्या हाती देऊन निघतो. अर्धं टाकून उठला म्हणजे नुसता रुसला, हे कारखान्यात सगळे जाणून होते. मग दोन दिवसांनी मधुकरराव स्वतः त्याच्या दारी यायचे. भांडणाचं नावही न काढता चहा प्यायचे आणि उठताना म्हणायचे, "चाल गा कवडू, ताणा ढिल्ला पडून राहिला." मागावरचे उभे धागे सैल पडतात, हे निमित्त. कवडू सदरा अडकवून त्यांच्या मागे निघायचा. नवी नवरीसुद्धा इतकी रुसत नाही, असं मी त्याला चिडवायचो.

गेल्या वर्षी मधुकरराव वारले आणि कारखाना त्यांच्या मुलाकडे, अश्विनकडे आला. पोरगं वाईट नाही. पण शिकायला बाहेर, नोकरीला बाहेर. मागाजवळ कधी बसलेलंच नाही.

दिवाळीनंतर दुकानदाराकडून एक लुगडं परत आलं. अश्विननं ते सगळ्यांसमोर कवडूच्या मागावर पसरलं.

"काका, हे धागे सुटलेले दिसत नाही का तुमाले? होत नसन तर घरी बसा."

खोटं कशाला बोलू, धागे सुटले होते. कवडूच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि ते तो बायकोपासूनही लपवत होता. पण 'घरी बसा' हा शब्द त्याच्या जिव्हारी लागला.

"तुह्या बापानं मले कधी घरी बस म्हटलं नाही! हा चाललो मी," असं म्हणून तो उठला. मागावर लुगडं अर्धं होतं.

घरी येऊन तो वाट पाहू लागला. दोन दिवस गेले, आठवडा गेला. त्याची बायको मनकर्णाबाई म्हणाली, "तुमीच काहून नाही जात? त्या पोराले काय समजते ह्यातलं?"

"मी कायले जाऊ? बोलावणं येतेच."

मोडेन पण वाकणार नाही. मीही सांगून थकलो. साठीच्या, डोळे अधू झालेल्या विणकराला दुसरं कोण ठेवणार? हे त्यालाही कळत होतं. म्हणून तर भाजीची पिशवी घेऊन तो रोज कारखान्यावरून जायचा, बाजार उलट्या दिशेला असून. ताकाला जाऊन भांडं लपवायचं. अश्विन नमस्कार करायचा आणि आत जायचा. माणूस आपल्या तोंडानं 'चाललो' म्हणून गेला, म्हणजे गेला, अशी त्या पोराची समजूत. आणि नव्या मालकाला समजवायला कारखान्यातलं कुणी धजावलं नाही.

कवडूच्या रुसण्याची ही रीत जाणणाऱ्या अश्विनच्या आई, कौशल्याबाई, तेव्हा लेकीच्या बाळंतपणासाठी गोंदियाला होत्या. परतल्या आणि तडक कवडूकडे आल्या. मी तिथंच बसलो होतो.

त्यांना दारात पाहून कवडूचा चेहरा असा खुलला, की मलाच भरून आलं. "या वैनी! मले माहीतच होतं," म्हणत त्यानं खुंटीवरचा सदरा काढला. घाईत गुंड्या लागेनात. मनकर्णाबाई लावून देऊ लागली.

"कवडूभाऊ, बसा जरा," कौशल्याबाई म्हणाल्या. "अश्विननं तुमचा माग मोडला. त्याले वाटलं, तुमी काम सोडलं. मी आली तवा लाकडंही इकून झाली होती."

"अन् लुगडं?"

"कापलं."

मनकर्णाबाईचा हात गुंडीवरच थांबला.

"तुमी आल्या न पण," कवडू म्हणाला. "बोलवालेच आल्या न?"

कौशल्याबाईंनी पदर डोळ्यांना लावला. कवडू सदरा घालून तसाच उभा राहिला, आणि माझ्यानं तिथं बसवेना.