तेरखेड्याला बार गप्प बसले

सकाळची एस्टी धरायला निघालो तेव्हा बायकोनं दारातच सुनावलं. भाच्याच्या साखरपुड्याला दुकानातून रजा मिळत नाही आणि व्हॉलीबॉलला बरी मिळते. बरोबरच होतं तिचं. पण तेरखेड्याला खानविलकर खेळणार होता! त्याचा स्मॅश मी एकदाच, मुंबईला पाहिला होता आणि तेव्हापासून सोलापुरातल्या प्रत्येक कट्ट्यावर त्याची बाजू घेऊन भांडत आलो होतो. मराठवाडा आपल्या राज्यात आल्यापासून असे नामांकित खेळाडू तिकडच्या गावांना प्रदर्शनीय सामने खेळायला जाऊ लागले होते. हा सामना सोडणं शक्यच नव्हतं.

तुळजापूरचा घाट चढून गाडी उस्मानाबादला टेकली, पुढं येडशीच्या रानात तिचं चाक बसलं. ड्रायव्हरनं टोपी काढून डोकं खाजवलं आणि आम्हा उतारूंना सागाच्या सावलीला बसवलं. येरमाळ्याला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. हॉटेलवाल्यानं चहाबरोबर खवा दिला (इकडं दूध उदंड, त्यामुळं खव्याच्या भट्ट्या गावोगाव) आणि मी सामन्याला निघालोय कळताच समोर येऊन बसला.

"मंग आमच्या भिवाला बगा," तो म्हणाला. "आज त्यो गिरणीत लागतोय."

भिवा तेरखेड्याच्या माळावर मेंढरं राखणारा. दोन लिंबांना दोर बांधून तो खेळ शिकला. आता पाहुण्यांबरोबर एका गिरणीचे साहेब येणार होते. खानविलकरच्या संघापुढं जो टिकेल त्याला ते गिरणीच्या संघात घेणार, म्हणजे नोकरीच. मेंढरं भावाच्या ताब्यात देऊन पोरगं दिवाळीपासून रोज सराव करतंय, असं हॉटेलवाला सांगत होता.

तेरखेड्याच्या थांब्यावर उतरलो आणि सवयीनं विडी पेटवली. एका दाढीवाल्या गृहस्थानं ती सरळ माझ्या ओठांतून उपटून पायाखाली चिरडली. मी चिडलो, तर त्यानं शांतपणे शेजारच्या पडवीकडं बोट दाखवलं. तिथं फटाक्यांची दारू वाळत पडली होती. हे चाँदभाई. गावातल्या दारूकामाचे उस्ताद, आणि जिभेला हाड नाही. विडी उपटली त्याची भरपाई म्हणून त्यांनी मला घरी नेऊन भाकरी आणि शेंगांची चटणी खाऊ घातली, वर माझी टोपी कशी वाईट शिवली आहे तेही सांगितलं.

त्यांच्याकडूनच गावची रीत कळली. तेरखेड्यात सामन्याला टाळ्या पडत नाहीत, बार उडतात. मैदानाच्या कडेला उस्ताद बार मांडून बसतो. फटका खणखणीत असला की वात पेटवतो. कुणाला बार द्यायचा ते त्यानं ठरवायचं, सरपंचानंसुद्धा मध्ये बोलायचं नाही. शेवटी औट (नळीतून आभाळात जाऊन फुटणारा मोठा गोळा). चाँदभाईंनी त्या दिवसासाठी खास औट भरला होता.

मैदान शेणानं सारवलेलं, फक्कीच्या रेघा मारलेल्या. बैलगाड्यांवर, झाडांवर माणसं. भिवा अनवाणी, काटक. पाहुणे पांढरेशुभ्र बूट घालून उतरले. खानविलकरला पाहून माझ्या अंगावर काटा आला. तो तेवढाच!

कारण पुढं जे झालं त्याला खेळ म्हणायची माझी तयारी नाही. अहो, पाट्या टाकल्या त्यांनी! बॉल फुलासारखा वर सोडायचा, एकमेकांकडं बघून हसायचं, घसरायची वेळ आली की बॉल जाऊ द्यायचा. बूट मळता कामा नयेत ना! माणसं दहा कोसांवरून आली होती. भिवानं नेटवर उडी मारली की खानविलकर हात खालीच ठेवून कौतुकानं मान डोलवायचा, जणू लहान मुलाला गुण देतोय. भिवाला गुणांवर गुण मिळत गेले. आणि दरवेळी तो पाहुण्यांकडं वळून बघायचा, की बाबांनो, अडवा की मला.

एकही बार उडाला नाही. सरपंचांना घाम फुटला. त्यांनी येऊन दारू ओली झाली का म्हणून हळूच विचारलं.

"दारू वली न्हाय," चाँदभाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "खेळ वला हाय."

भिवा एकटा किती पुरणार? त्याच्या सोबतच्या पोरांना साधे बॉलही आवरेनात, आणि सामना पाहुण्यांनी शेवटी सहज खिशात घातला. गिरणीच्या साहेबांनी गाडीत बसता बसता सांगितलं, की मुलगा चपळ दिसतो, पण समोर कुणी अडवलंच नाही तर त्याचा खेळ जोखायचा कसा? पुढच्या वर्षी बघू. आणि धुरळा उडवत गेले बार्शीकडं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पाहुणे शाळेच्या ओट्यावर चहा पीत बसले होते. भिवा बॉल घेऊन खानविलकरपुढं जाऊन उभा राहिला.

"साहेब, एक बॉल मारा," तो म्हणाला. "माज्यावर. मनापासनं."

खानविलकर हसला. उद्या औरंगाबादला खरा सामना आहे, खांदा जपायला हवा, म्हणाला. खरा! मला राहवलं नाही. ज्याच्यासाठी इतकी वर्षं भांडलो त्याच्यापुढं जाऊन म्हटलं, "मग आज आम्ही काय खोटी माणसं जमलो होतो?"

त्याचा चेहरा लाल झाला. कप आपटून तो उठला आणि मैदानात उतरला. दिवस मावळत होता. सोबत्यानं नेटवर बॉल चढवला, खानविलकर वर गेला, आणि फटक्याचा आवाज मला छातीत ऐकू आला. भिवानं दोन्ही हात पुढं केले होते. बॉल हातांवरून उसळून लिंबाच्या पलीकडं गेला, आणि भिवा पाठीवर पडला. नाही उचलता आला त्याला.

तेवढ्यात मागून चाँदभाईंचा औट सुटला. सबंध माळ उजळला, मेंढरं ओरडली.

आणि माझा राग दुप्पट झाला! म्हणजे हे सगळं खानविलकरच्या हातात होतं. दुपारभर होतं. खिशात ठेवून बसला होता गडी, आणि ज्यांनी बघायला हवं होतं ते साहेब एव्हाना कुठल्या कुठं पोचले होते.

शेवटच्या गाडीला भिवा मला सोडायला आला. मी पाहुण्यांना शिव्या घालत होतो, तो ऐकून घेत होता. गाडी दिसल्यावर त्यानं सदऱ्याची बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत हात सुजून लालबुंद झाला होता.

"किती कमी पडतोय ते आज कळलं," तो म्हणाला. "आता तेवढं करतो."

घरी आलो तर बायको जागीच होती. पाणी देत तिनं विचारलं, झाला का सामना?

म्हटलं, झाला. एका बॉलचा.