दाराशी आमेन

आजी आठवते ती दाराशीच. गाझियाबादच्या आमच्या फ्लॅटचं दार उघडं आहे, धुक्यातून आलेलं पांढरट ऊन तिच्या पायांपाशी थांबलंय, आणि डोक्यावर पदर घेऊन, डोळे मिटून ती देवाशी बोलतेय. मी खांद्याला बॅग अडकवून उभी. ही आठवण की स्वप्न, हे कधीकधी मलाही सांगता येत नाही. दोन्हींत लिफ्ट येते आणि मला न घेताच निघून जाते.

आमच्या घरातून प्रार्थनेशिवाय कुणी बाहेर पडायचं नाही, हा आजीचा नियम. नगरकडच्या तिच्या माहेरी तसंच होतं. गावाला निघालेला माणूस दाराशी थांबणार, घरातलं वडीलधारं कुणी प्रार्थना करणार, मगच बैलगाडी हलणार. तो नियम तिने दिल्लीला आणला आणि मेट्रोला लावला. त्यातून पायात बूट घालून प्रार्थना चालायची नाही. माझ्या नाड्या बांधून झाल्या की नेमकी ती स्वयंपाकघरातून बाहेर यायची. "काढ ते," म्हणायची. मी चरफडत काढायचे. शेवटी नाड्यांचे बूट घेणंच मी सोडून दिलं.

बरं, प्रार्थना तरी आटोपशीर करावी! 'दयाळू स्वर्गीय बापा'पासून निघालेली ती, पहाडगंजला खोली घेऊन परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या आणि रविवारी आमच्याकडे जेवायला येणाऱ्या पोरांवरून, शेजारच्या नागपूरच्या काकूंच्या गुडघ्यांपर्यंत जायची. काकू बौद्ध. "मावशी, तुमच्या देवाला माझ्या गुडघ्यांचं काय पडलंय?" असं त्या हसून विचारायच्या. आजी म्हणायची, "सांगून ठेवायला माझं काय जातंय?" माझी पाळी सगळ्यांत शेवटी. हिला मेट्रोत बसायला जागा दे, हिचं डोकं थंड ठेव, हिला सुखरूप घरी आण. मग एक डोळा उघडून ती माझ्या आमेनची वाट बघायची. पुटपुटलेलं तिला चालत नसे.

"जोरात. तू म्हटल्याशिवाय प्रार्थना पुरी होत नाही."

"अच्छा बाबा, आमेन! आता जाऊ?"

मी कितीही कुरकुर केली तरी त्या आवाजाची मला गुंगी यायची. हिवाळ्यात ती बाल्कनीत मटार सोलत बसायची, ओठ सारखे हलत असायचे. ती गातेय की प्रार्थना करतेय, ते कळायचं नाही. मी शेजारी पडून राहायचे आणि टोपल्यात पडणाऱ्या दाण्यांच्या आवाजात झोप लागायची. तेवढी निश्चिंत झोप मला पुन्हा कधी लागली नाही.

आईबाबा निवृत्तीनंतर पुण्याला परतले. आजी गेली नाही. "पोरगी एकटी पडेल," एवढंच म्हणाली.

गेल्या हिवाळ्यात तिला श्वास पुरेनासा झाला. सकाळी ॲम्ब्युलन्स आली. दोन माणसांनी तिला खुर्चीत बसवलं, पण दारापाशी येताच तिने चौकट घट्ट धरली.

"मॅडम, जल्दी कीजिए," त्यांतला एक म्हणाला.

आजी माझ्याकडे बघत होती. आज निघणारी ती होती, आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. मी बूट काढले.

मोठ्याने प्रार्थना मी कधीच केली नव्हती. 'दयाळू स्वर्गीय बापा' म्हटलं आणि पुढचं मराठीच सुचेना. डॉक्टर, ऑक्सिजन, रस्त्यावरचा जाम, जे मनात आलं ते अर्धं हिंदीत मागितलं. शेवटी तिचंच वाक्य म्हटलं, हिला सुखरूप घरी आण.

"आमेन," ती म्हणाली. तेवढ्याशा श्वासातही स्पष्ट. पण चौकट सोडली नाही. तिने डोळे मिटले.

"बापा, येताना ही एकटी असेल. हिच्याबरोबर राहा."

आणि एक डोळा उघडून ती माझी वाट बघू लागली.

मला आमेन म्हणता येईना. म्हटलं असतं तर ते कबूल केल्यासारखं झालं असतं. मी तिच्यावर चिडले. "काहीतरीच काय बोलतेस, आजी? चल." ती जराशी हसली. मग तिने चौकट सोडली. त्या दिवशी लिफ्ट आमच्यासाठी थांबली होती.

ती गेली त्या दुपारी मी हॉस्पिटलमधून परत आले. आईबाबा अजून वाटेत होते. धुकं विरलं होतं. दार उघडलं तर आतून मटारांचा हिरवा वास आल्यासारखं वाटलं, आणि क्षणभर मी ती स्वयंपाकघरातून बाहेर येण्याची वाट बघत राहिले.

मी सुखरूप घरी आले होते. दाराशीच बूट काढले आणि आमेन म्हटलं. जोरात.