हिवाळ्यातला रिकामा रॅम्प

आमच्या घरी बोट आली ती शेजाऱ्यांमुळे. लोअर हट या बंदराकाठच्या शहरात आमच्या पलीकडच्या घरात एक म्हातारं जोडपं राहायचं. ते मुलांजवळ राहायला ऑस्ट्रेलियाला निघालं आणि गराज रिकामं करताना त्यांनी माझ्या नवऱ्याला सहज विचारलं, बोट हवी का? नवरा पुण्याचा. पाण्याशी त्याचा संबंध खडकवासल्याला जाऊन कणीस खाण्यापुरता. तरी तो हो म्हणून मोकळा झाला. संध्याकाळी मी ऑफिसातून ट्रेनने परत आले, तर ड्राइव्हवेमध्ये ट्रेलरवर एक ॲल्युमिनियमची उघडी बोट उभी होती आणि नवरा तिच्यात बसून चहा पीत होता.

‘हे काय?’

‘बोट.’

‘ते दिसतंय मला.’

‘वर ये ना. अजून एक कप निघेल.’

मी वर चढले. दुसरं काय करणार?

बोट चालवायला तो मन लावून शिकला. कोर्स केला, रेडिओवर कसं बोलायचं ते शिकला, गाठी मारायला शिकला. महिनाभर आमच्या डायनिंग टेबलच्या खुर्च्या एकमेकींना बांधलेल्या असायच्या. अडचण पाण्यावर नव्हतीच, अडचण होती पाण्यापर्यंत पोचायची. किनाऱ्यावर सिमेंटचा एक उतार असतो, त्याला रॅम्प म्हणतात. गाडीच्या मागे ट्रेलर, ट्रेलरवर बोट, असं ते सगळं लटांबर रिव्हर्स घेत त्या उतारावरून समुद्रात उतरवायचं असतं. गाडीचं स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो. घाबरून उजवीकडे फिरवलं की तो डावीकडे इतका वळतो, की गाडी आणि ट्रेलर एकमेकांना काटकोनात उभे राहतात.

आमचा पहिला उन्हाळा त्या काटकोनात गेला. इकडे भर उन्हाळा जानेवारीत आणि हिवाळा जूनमध्ये; जानेवारीतल्या रविवारी रॅम्पवर रांग असते. रबरी जँडल-चपला घातलेली, पोहायच्या टॉग्जवरच आलेली, नाकावर पांढरं सनस्क्रीन फासलेली अख्खी कुटुंबं आपापल्या बोटी घेऊन थांबलेली असतात. त्या सगळ्यांच्या देखत नवरा पुढे-मागे, पुढे-मागे करत राही आणि मी बाहेर उभी राहून हातवारे करी. माझे हातवारे बघून त्याचं होतं नव्हतं ते भान जाई. कोणी कधी हॉर्न वाजवला नाही. उलट दर वेळी कोणीतरी धिप्पाड माणूस हसत हसत यायचा, ‘किया ओरा’ असा इथला नमस्कार करून ‘मी घेऊ का?’ म्हणायचा आणि एका झटक्यात बोट सरळ पाण्यात उतरवून ‘स्वीट ॲज’, म्हणजे ‘झकास’, म्हणून निघून जायचा. लोकांनी चिडायला हवं होतं असं आम्हाला वाटायचं. इतक्या चांगुलपणाला तोंड देणं फार अवघड जात होतं. तिसऱ्या वेळेनंतर नवऱ्याने बोटीवर ताडपत्री घातली आणि त्या विषयावर बोलायचं सोडून दिलं.

मग हिवाळा आला. आमच्या खोऱ्यात हिवाळी सकाळी गवत पांढरंफटक होतं, गाडीची काच खरवडावी लागते. जूनमधल्या अशाच एका रविवारी मी पिटोनीच्या बाजूला चालायला गेले होते. दक्षिणेकडचा वारा दोन दिवस घरं हलवून आदल्या रात्रीच थांबला होता. बंदर ताटात ओतलेल्या पाण्यासारखं निश्चल होतं, आणि पलीकडच्या डोंगरांवर बर्फ पडलेला दिसत होता. परत येताना रॅम्पवरून आले, तर तिथे चिटपाखरू नव्हतं. मी तिथूनच नवऱ्याला फोन केला.

‘बोट घेऊन ये.’

‘आत्ता? चार डिग्री आहे बाहेर.’

‘म्हणूनच. इथे बघायला कोणी नाहीये.’

त्याने कपाट उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाला, ‘माकडटोपी कुठे ठेवली आहेस?’

अर्ध्या तासात तो आला. तोवर मात्र रॅम्प अगदीच रिकामा राहिला नव्हता. रॅम्पच्या कडेला एक बाई आपली लाकडी, वल्ह्यांची होडी छोट्याशा ट्रेलरवरून उतरवत होती. सत्तरीची असावी. डोक्यावर लोकरी टोपी, अंगात दोन स्वेटर, त्यावर लाइफजॅकेट. नवरा नेहमीप्रमाणे काटकोनात अडकला. तिने होडीची दोरी खांबाला बांधली आणि आमच्याकडे आली. आता ही ‘मी घेऊ का’ म्हणणार म्हणून मी मनाची तयारी केली.

पण ती मला म्हणाली, ‘तू बस गाडीत.’

‘मी? मी कधीच केलेलं नाही.’

‘उत्तम. म्हणजे चुकीच्या सवयीही नसतील.’

नवरा उतरला, मी बसले. ती खिडकीशी उभी राहिली. ‘हात स्टिअरिंगच्या वरच्या बाजूला नको. एकच हात, अगदी खाली धर. आता ट्रेलर जिकडे जायला हवा, तिकडे हात ने. मान वळवून मागे बघू नकोस, फक्त आरशात बघ. आणि घाई कशाची आहे?’

घाई खरंच कशाचीही नव्हती. मी हात खाली धरला आणि गोगलगायीच्या वेगाने मागे आले. पहिल्यांदा ट्रेलर तिरका गेला, पुढे घेतला. दुसऱ्यांदा कमी तिरका. नंतर कधीतरी आरशात बोट सरळ दिसायला लागली आणि सरळच राहिली. ट्रेलरची चाकं पाण्यात गेली तसा माझा नवरा त्या थंडीत टाळ्या वाजवायला लागला. हातात मोजे असल्यामुळे आवाज येत नव्हता.

‘तुम्ही शिकवता का हे?’ मी त्या बाईला विचारलं.

‘छे, मी डेंटिस्ट होते. सगळा जन्म छोट्या आरशात उलटं बघण्यात गेला,’ ती म्हणाली आणि आपली होडी ढकलून वल्ही मारत निघूनही गेली.

आम्ही पाण्यात गेलो. बंदराच्या मध्ये बेट आहे, त्या दिशेला नवऱ्याने बोट काढली. वारा अजिबात नव्हता, तरी बोटीच्या वेगाने येणारी हवा नाकाला चावत होती. माकडटोपी, मफलर, थर्मल, त्यावर पुण्याहून आणलेला आईच्या हातचा स्वेटर, आणि सगळ्यावर लाइफजॅकेट. आम्हाला हात नीट खाली सोडता येत नव्हते. दोन फुगलेल्या बाहुल्या समोरासमोर बसाव्यात तसे आम्ही बसलो होतो आणि एकमेकांकडे बघून हसत होतो. थोडं पुढे गेल्यावर त्याने इंजिन बंद केलं. एकदम शांतता झाली. एक पाणकावळा आमच्या जवळच वर आला, आम्हाला बघून परत बुडाला. मी थर्मासमधला आल्याचा चहा ओतला.

दुसरा घोट घेताना माझ्या लक्षात आलं की पाय गार पडलेत. नुसते गार नव्हे, ओले.

‘बोटीत पाणी आहे,’ मी म्हटलं.

नवऱ्याने खाली बघितलं. मग अगदी सावकाश जॅकेटच्या खिशात हात घातला आणि मुठीत काहीतरी घेऊन बाहेर काढला. बोटीच्या मागच्या बाजूला, पाणी निचरायला एक भोक असतं. घरी बोट धुतली की त्याचं बूच काढून ठेवायचं, आणि समुद्रात उतरवण्याआधी लावायचं. माझ्या रिव्हर्सचं कौतुक करण्याच्या नादात बूच त्याच्या खिशातच राहिलं होतं.

‘तू बोलू नकोस काही,’ तो म्हणाला.

‘मी कुठे बोलतेय?’

बूच लावायचं बाहेरून, इंजिनाच्या शेजारी, पाण्याखाली. तो बोटीच्या मागच्या कडेवर पालथा पडला, मी त्याच्या पायांवर बसले आणि दोन्ही हातांनी त्याचा पट्टा धरून ठेवला. त्याने खांद्यापर्यंत हात त्या बर्फासारख्या पाण्यात घातला. जे शब्द त्याच्या तोंडून निघाले ते मी आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकले. भोक सापडेना. मला भीती वाटायला हवी होती, पण पोटातून हसू यायला लागलं आणि मी हसले तशी बोट हलायला लागली.

‘हलू नकोस ना,’ तो पाण्याकडे बघत ओरडला आणि मग तोही हसायला लागला.

तेवढ्यात बाजूने आवाज आला, ‘हाताने मासे पकडताय का?’ ती डेंटिस्ट बाई वल्ही थांबवून, आमच्यापासून थोड्या अंतरावर तरंगत होती.

‘बूच,’ मी म्हटलं. घाईत मराठीच शब्द तोंडात आला. पण तिला समजलं. तिने आपली होडी आमच्या मागे आणली, वाकून बघितलं आणि नवऱ्याला सांगितलं, ‘थोडं डावीकडे. अजून. आता आत ढकल आणि फिरव.’ बूच बसलं. मग आम्ही बादलीने आणि डब्याने पाणी उपसलं. त्यात दोघांनाही छान घाम आला.

खिचडीचा डबा मात्र वरच्या फळीवर असल्यामुळे कोरडा राहिला होता. नवरा येताना आदल्या रात्रीची मुगाची खिचडी गरम करून घेऊन आला होता. तिने होडी आमच्या बोटीला बांधली आणि आम्ही तिघं तिथेच, दोन बोटी एकमेकींना टेकवून, तूप घातलेली खिचडी आणि लिंबाचं लोणचं खायला बसलो. तिने लोणच्याची फोड चघळून चघळून खाल्ली. मला वाटलं आता दातांबद्दल काही सांगेल. तिने अजून एक मागितली.

‘तुम्ही मासे कोणते पकडता?’ तिने विचारलं. ‘स्नॅपर? काहवाई?’

‘काही नाही. चहा प्यायला येतो,’ नवरा म्हणाला.

तिला ते इतकं पटलं, की तिने चहासाठी हात पुढे केला.

तो सगळा हिवाळा आम्ही दर रविवारी गेलो. वारा असला की नाही जायचं, बाकी थंडी कितीही असो. कामं वाटून घेतली होती: रॅम्प माझा, समुद्र त्याचा. बूच मी हातात धरून दाखवायचे, तो लावायचा, मी परत बघायचे. डेंटिस्ट बाई बहुतेक वेळा असायची. कधी तिच्याकडून भोपळ्याचं सूप यायचं, कधी आमच्याकडून थालीपीठ. घरी परतल्यावर बोट गोड्या पाण्याने धुवायची, मग कढत पाण्याने आंघोळ, आणि दुपारी अशी झोप लागायची, की उठल्यावर वार कोणता ते आठवायला लागायचं.

ऑगस्टमध्ये आमची मुलगी आली. ती ऑकलंडला पेनरोजमध्ये एका कंपनीच्या गोदामाचं काम बघते. मराठी तिला सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत देते. मी फोनवर बोटीबद्दल सांगायचे तेव्हा तिला आम्ही थापा मारतोय असं वाटायचं. रविवारी पहाटे तिला उठवलं, तर पांघरुणातूनच म्हणाली, ‘आई, इट्स फ्रीझिंग.’

‘हो, म्हणूनच रॅम्प रिकामा असतो. चल.’

रॅम्पवर मी एकाच फेरीत बोट उतरवली. मुलगी बाहेर उभी राहून बघत होती. ‘सिन्स व्हेन?’ तिने बाबाला विचारलं. ‘जूनपासून,’ तो असा ऐटीत म्हणाला, जणू त्यानेच मला शिकवलं होतं.

बेटाच्या धक्क्याजवळ पोचलो तोवर आकाश काळं झालं आणि एकदम गारा पडायला लागल्या. ॲल्युमिनियमच्या बोटीवर गारा पडल्या की कोणीतरी वरून चणे ओततंय असा आवाज होतो. डेंटिस्ट बाई आपली होडी घेऊन आमच्या शेजारीच आली होती, तिला आम्ही हात देऊन आत घेतलं. चौघं ताडपत्री डोक्यावर धरून, एकमेकांना चिकटून बसलो. कोणाला कोणाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मुलगी काहीतरी ओरडत होती. मी कान जवळ नेला.

‘अजून या, अजून या,’ ती गारांना सांगत होती. चक्क मराठीत. आणि ताडपत्रीबाहेर काढलेल्या तिच्या लाल झालेल्या ओंजळीत गारांचा ढीग साचत होता.